दुसरा कप्पा

"काका, चार कप्पे, चार बादल्या. अदलाबदल झाली तर सगळं पाण्यात," डॉक्टरीणबाईंनी कोंबड्यांवरच्या प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी बजावलं. तीस वर्षं मी कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात मिक्सरवर काढली, आणि ही पोरगी मला बादल्या शिकवणार!

पहिल्या कप्प्यातल्या पिल्लांना चांगला मका. दुसऱ्यातल्यांना बुरशीचं विष उतरलेला. तिसऱ्यातल्यांना तोच विषारी मका, पण त्यात हळद आणि भुईआवळ्याची पूड. चौथ्यातल्यांना चांगला मका आणि पूड. बुरशीच्या विषाने पेशी आतून गंजतात, पूड ते थोपवते की नाही, हे बेचाळीस दिवसांनी यकृत बघून ठरणार होतं.

काम आठला सुरू व्हायचं, मी सहालाच हजर. बायको जाऊन दोन वर्षं झाली. घरी बोलायचं तर भिंतींशी. इथे निदान शंभर जण माना वर करून ऐकायचे.

तिसऱ्या आठवड्यात दुसरा कप्पा उतरायला लागला. पिसं विस्कटलेली, पंख लोंबलेले. बादली वाजली तरी कोणी उठेना. एक पिल्लू तर खाद्य पुढे ठेवलं तरी मान फिरवून बसलं. बायकोही शेवटी ताट बघून अशीच मान फिरवायची. तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. आता पुडीचं अख्खं पोतं होतं.

त्या दिवसापासून दुसऱ्या बादलीत रोज मूठभर पूड पडू लागली. दहा दिवसांत पिल्लं बादलीवर झडप घालायला लागली. दवाखान्यातून पोरं घरी आल्यासारखा मी खूश होतो.

बेचाळिसाव्या दिवशी बाईंनी तपासणी केली. संध्याकाळी हातमोजे काढून त्या उलट्या बादलीवर बसल्या.

"दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यात काहीच फरक नाही, काका. यकृतं सारखीच, रक्तही सारखंच. तीन वर्षं या पुडीमागे घालवली. हिच्यात दम नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"दुसऱ्या कप्प्यालाही मी पूड देत होतो," मी म्हणालो. "मान टाकलेली पिल्लं दहा दिवसांत उठली."

त्या ताडकन उठल्या. खूप बोलल्या. म्हातारचळ लागलाय का, इथपर्यंत. मी खाली मान घालून ऐकलं, चूक माझीच होती. मग त्या एकदम थांबल्या.

"म्हणजे पूड काम करते."

"करते. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तुमचे डोळे कागदावर चालत नाहीत. पुन्हा बेचाळीस दिवस लागतील."

"दुसरा माणूस बघून देऊ का?"

"दुसऱ्याने हे कबूल केलं नसतं. तुम्हीच या. पण या वेळी दुसऱ्या कप्प्याला चिमूटभरही नाही. समोर मरायला टेकली तरी नाही. जमेल?"

मला ते मान फिरवून बसलेलं पिल्लू दिसलं. तसली पंचवीस, रोज सकाळी, आणि पुडीचं पोतं हाताशी. नाही म्हणायला तोंड उघडलं. मग वाटलं, नाही म्हटलं तर उद्या सकाळी उठून जायचं कुठे?

"जमेल," मी म्हणालो. इतक्या चटकन म्हणालो, की माझी मलाच लाज वाटली.