वेबरसाहेबांच्या गावचा पेपर

“शेवंती, देवांखालचा पेपर काढून दे,” महिपतने चपला न काढताच सांगितलं.

“आधी चपला काढा. आणि पूजा झाल्यावर देव कशाला हलवू?”

त्याच्यामागे दारात वेबरसाहेब दिसले, म्हणून तिने जीभ आवरली. मानपाड्याच्या कारखान्यात मशिनं बसवायला आलेला हा जर्मन माणूस. त्याच्या गावचा रोजचा पेपर त्याला पोस्टाने यायचा, चांगला शिळा होऊन. साहेबांचा वाचून झाला की गठ्ठा त्यांच्या हाताखालचा महिपत घरी आणायचा. कागद पांढराशुभ्र. शेवंतीने डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांतल्या सगळ्या फळ्यांवर तोच अंथरला होता. त्यातलं एक पान तिला फार आवडलं. काळ्या चौकटी, कोपऱ्यात फुलं, मधोमध नावं. सणासुदीच्या शुभेच्छा असणार, असं धरून तिने ते खास देवांसाठी राखलं. आता शुभेच्छांना काळी चौकट कोण घालतं? पण हौसेपुढे एवढा विचार कोण करतो.

“साहेबांची आई गेली,” महिपत हळू आवाजात म्हणाला. “तार आलेली. पण मशीन चालू करायचं होतं, कंपनीने सोडलं नाय त्यांना. तिचं नाव छापलेला पेपर साहेबांनी वाचायच्या आधीच शिपायाने चुकून आपल्या गठ्ठ्यात टाकला. ते काळ्या चौकटींचं पान मयतांचं असतं गं.”

शेवंतीने आधी फळीवरच्या देवांना हात जोडले.

“देवांखाली मयतं घातलीस?” कॉटवरून सासूबाई म्हणाल्या. रमाबाईंचं सोवळं म्हणजे सोवळं. “तरी मी म्हणत होते, कसले ते परक्याचे कागद.”

शेवंतीने देव ताम्हनात काढून घेतले. पान हळदीकुंकवाने माखलेलं होतं. साहेबांचं बोट एकेक चौकट करत खाली आलं आणि थांबलं. नेमका तिथेच निरांजनाच्या तुपाचा डाग पडला होता. शेवंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पदराने पुसायला गेली, तर साहेबांनी तिला हातानेच थांबवलं आणि महिपतला इंग्रजीत काहीतरी विचारलं.

“इथे रोज दिवा लागायचा का, म्हणतायत.”

“दोन्ही वेळा लावते,” शेवंती म्हणाली.

महिपतने सांगितलं तसा तो धिप्पाड माणूस भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. महिपतने पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. मग पान जपून घडी करून खिशात घातलं, शेवंतीला हात जोडले आणि गेले.

शेवंतीने देव फळीवर मांडले नाहीत. न्हाणीत जाऊन पिंपातलं पाणी बादलीत ओतायला लागली.

“भर दुपारी अंघोळ?” रमाबाईंनी विचारलं. “ती बाई आपली कोण लागते गं?”

“इतके दिवस आपल्या देवांपाशी होती ना ती.”

रमाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

“माझंही पाणी काढ,” म्हणाल्या.