काठावरचा हात

"उभा राय बे, उभा राय! म्हैस आली!" काठावरून आरोळी उठली आणि निवृत्ती पांगाऱ्याच्या फळीवर उभा झाला.

म्हैस म्हणजे पुरात खडकांवरून उसळणारी मोठी लाट. खडकपूर्णेच्या काठी ही भाषा लहानथोरांना ठाऊक. भोवरा म्हणजे जातं. फळीवरून पडला तो 'भिजला'. जसे काही बाकीचे कोरडेच! पोळा झाला, नदी दोन्ही थड्या भरून आली, की गावातले गडी पोटाखाली फळी घेऊन धारेत शिरत आणि म्हशीवर उभे राहत. त्यात मिळायचं काय? काही नाही. मजा. पण ती एकदा लागली की माणसाचं दुसऱ्या कशात मन लागत नसे.

कडूबानं वीस वर्षं तेच केलं. आणि वीस वर्षं त्याची बायको जनकाबाई खालच्या खडकावर, येणाऱ्या फळीकडे तोंड करून उभी राहिली. फळीवरच्याला लाटेपलीकडचं दिसत नाही. काठावरचा हात पाहून वळावं लागतं. त्याला डावीकडे वळवायचं तर काठावरच्यानंही आपला डावाच हात वर करायचा. समोरासमोर असल्यामुळे तो हात भलत्याच, म्हणजे फळीवरच्याच्या उजव्या बाजूला येतो, पण रीत तीच. जनकाबाई त्यात कधी चुकली नाही.

यंदा तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कडूबाचे तर गुडघेच गेले होते. फळी लेकाकडे, निवृत्तीकडे आली.

"खडकावर माणिकरावाले उभं करा," सकाळीच ती म्हणाली होती. "त्याले सवय हाये."

"काऊन? वीस वर्षं तुया हाताकडंच पाह्यलं ना म्या? मले काय शिकवतं!"

"पाहनं अलग अन् करनं अलग." पण ऐकेल तो कडूबा कसला. तिच्या खडकावर तोच जाऊन उभा राहिला.

निवृत्ती लाटेवर दोन्ही हात पसरून आला. कडूबाचा ऊर भरून आला. आपण इतके देखणे कधी उभे राहिलो नाही, असं त्याला वाटलं. तेवढ्यात लाटेच्या अलीकडे, काल नव्हतं त्या जागी, जातं गरगरताना दिसलं. पोराच्या डावीकडे पाणी साफ होतं. बापाचा जीव तो! साफ पाणी ज्या बाजूला दिसलं त्याच बाजूचा हात त्यानं वर केला. उजवा.

निवृत्तीनं तो पाहिला. लहानपणापासून शिकला होता तसा तो झटक्यात उजवीकडे वळला, सरळ जात्यात.

तिसऱ्या दिवशी तो चार कोस खाली सापडला. नदीनं नेला, गाव म्हणालं. सगळ्यांचे डोळे पोरावर होते. म्हाताऱ्याच्या हाताकडे कोण पाहतो?

तेरावं झालं, पाहुणे गेले. ओसरीवर दोघंच उरली, तेव्हा जनकाबाईनं विचारलं, "कोनता हात केला व्हता?"

डावा म्हणावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. "उजवा," तो म्हणाला आणि तोंडात पंचा कोंबून रडला.

तिनं त्याला हातही लावला नाही. मग दाराआड सुनेची चाहूल घेत हलक्या आवाजात म्हणाली, "रुखमीले सांगू नका. नदीच्या नावानं बोटं मोडून राह्यली, मोडू द्या. तिले अजून याच घरात दिवस काढाचे हायेत."

"अन् म्या काय करू वं?"

"तुमी बी काढा."

आतून रुखमा ताट घेऊन आली. कपाळ रिकामं, डोळे सुजलेले. सासऱ्यापुढे ताट ठेवून ती पदर सावरत उभी राहिली.

"मामाजी, दोन घास खाऊन घ्या. तुमीच असं केलं तर आमी कोनाकडं पाहावं?"

कडूबानं ताट जवळ ओढलं. ती समोरून हलेना, म्हणून मान खाली घालून त्यानं भाकरी पुरी संपवली.