रुंद बाजू वर

“पोरी, हे उलटं लटकवलं वं तू,” देवराव म्हणाले.

रोशनीचा हात थांबला. सदर भागातल्या छोट्याशा दालनात तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन, आणि पाहुणे यायला जेमतेम दहा मिनिटं. शाळेत शिवण शिकवता शिकवता तीन वर्षं तिनं कन्हानच्या काठावर सापडलेली गुरांची हाडं कागदावर उतरवली होती. मग आईच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे त्या आकारात शिवून वर रंग चढवला होता. घरी मात्र ही पानं आहेत, असं ठोकून दिलं होतं. बाबांसमोर हाडाचं नाव काढायची सोयच नव्हती.

“तुम्हाले कसं समजलं, बाबा?”

“बैलाच्या खांद्याचं हाड हाय. रुंद बाजू वर राह्यते.” देवरावांचा आवाज खाली आला. “मौद्याकडं बापासंग मेलेली ढोरं ओढाले जात होतो. सात-आठ वर्साचा असन. छप्पनले बापानं दीक्षा घेतली, दोर फेकला. तवापासून हाडाले हात नाही लावला.”

रोशनीला शरम वाटली. तीन वर्षं ती नदीकाठी जे शोधत फिरली, ते बाबांनी घरातच गिळून ठेवलं होतं.

तेवढ्यात दालनाच्या नंदिनी मॅडम दोन पाहुण्यांना घेऊन आत आल्या. “सुंदर! हाडांकडे कशा वळलात? आणि हे कोण?”

पोरीचं प्रदर्शन म्हणून देवराव नवरदेवाच्या बापासारखा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. हातात तेवढी हातोडी होती. बाबा म्हणून ओळख करून दिली तर ते बोलतील, दोराचं, ढोरांचं सगळं सांगतील, आणि या लोकांच्या नजरा बदलतील. रोशनी घाबरली.

“हे... चित्रं टांगायला आलेत.”

बोलली मात्र, आणि तिचे कान तापले. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. देवरावांनी वर पाहिलंसुद्धा नाही. स्टूल ओढलं, दुखरे गुडघे सावरत चढले, कापड उतरवून फिरवलं. बायकोच्या लुगड्याचा हिरवा काठ आता वर आला. त्यावरून त्यांनी एकदा तळहात फिरवला.

मग खाली उतरले, हातोडी मागे धरली आणि रोशनीला अदबीनं विचारलं, “बरोबर हाय का, मॅडम?”

आणि रोशनीनं, सगळ्यांदेखत, मान हलवली.