मोतीरामचं नऊ दाती

"आई, तू आत जाय बरं. लोक बसले इथं."

हर्षल हे तिसऱ्यांदा म्हणाला. अन्नपूर्णाबाई हलली नाही. शेडच्या खांबाला टेकून ती नव्या पेरणी यंत्राकडे पाहत राहिली. नवरा मोतीराम जाऊन सात महिने झाले होते आणि तो गेल्यावर साखरखेर्ड्याच्या त्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारं हे पहिलंच यंत्र. नऊ दाती, म्हणजे एका वेळी नऊ ओळी पेरणारं, लालभडक. बियाण्याच्या पेटीवर मोतीरामचं नाव, शेजारी त्याच्या फोटोचं स्टिकर. पूजा झाली होती, नारळ फुटला होता.

यंत्र घ्यायला उंद्रीहून आलेले शेषराव खुर्चीत रेलून सांगत होते, "मोतीरामभाऊ म्हणजे माणूस होता! पत्र्याच्या टपरीतून सुरू केलं अन् तीन जिल्ह्यांत यंत्रं पोचवली. पेरलेल्या तासाच्या ओळीत पाय टाकला का बी किती पडलं, त्याच्या तळपायाले समजे म्हणतात!"

"हाव ना," हर्षल अभिमानानं म्हणाला.

अन्नपूर्णाबाईनं पदर सावरला. ते तळपाय कोणाचे होते, हे मोतीरामनं चारचौघांत कधी सांगितलं नाही. त्यावरून ती एकदा चार दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

लग्न झालं तेव्हा तो दुसऱ्याच्या वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता आणि ती तिफणीमागं चालत मुठीनं बी सोडायची. एक दिवस तो शेतात आला, तिच्या मागं उकिडवा बसून मातीतले दाणे मोजायला लागला.

"तुह्या मुठीतून इतकं सारखं बी कसं पडते वं?"

"मले काय माहीत? पडते."

त्या मुठीच्या मापानं त्यानं पेटीतली बी मोजून सोडणारी पहिली चकती कापली. मग तीस वर्षं शेडमागच्या नांगरलेल्या तुकड्यात तो प्रत्येक यंत्र ओढून पाहायचा आणि ती अनवाणी मागं चालायची. तिनं मान हलवली की यंत्र गिऱ्हाइकाचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई आपली उगाच फिरते. घरात मात्र जेवता जेवता मोतीराम म्हणायचा, "तू नसती तं मी अजून लोकाईच्या गेटाच्या कड्याच जोडत बसलो असतो."

"चालवून पाह्यलं का रे?" तिनं हर्षलला विचारलं.

"पाह्यलं. यंत्र उचललं, चाक फिरवलं, नऊही नळ्यांतून बी आलं. व्हिडिओ आहे मोबाईलमधी."

"मातीत पाह्यलं का?"

"मातीत काऊन? बाबा जुन्या काळचे होते, आई."

शेषराव उद्या सकाळी वीस एकर पेरणार होते. एखादं तास रिकामं गेलं तर उंद्रीचे लोक हर्षलला थोडेच बोलणार? पेटीवर नाव ज्याचं, शिव्या त्यालाच. आणि तो उत्तर द्यायला नव्हता.

तिनं चपला काढल्या. "गोविंदा, ट्रॅक्टर काढ."

वीस वर्षं जुना ड्रायव्हर गोविंदा हर्षलकडे पाहायला लागला.

"त्याच्याकडं काय पाहतं बे? मी सांगून राह्यली."

"आई, लोक पाहून राह्यले," सून पूनम दारातून हळूच म्हणाली.

"पाहू दे. डोळे हायेत त्यायले."

यंत्र जोडून ट्रॅक्टर शेडमागच्या तुकड्यात निघाला. अन्नपूर्णाबाई मागं चालली. एकेका तासात पायाचा अंगठा खुपसायची, माती सरकवायची, पुढं जायची. पाचव्या तासात थांबली. तासाच्या लांबीनं वीतभर उकरलं, हातभर उकरलं.

"पाचवं रिकामं हाय."

"कसं शक्य हाय? व्हिडिओत तं..." हर्षल धावत आला.

गोविंदा खाली वाकला. नऊही नळ्या एकाच मापाच्या कापल्या होत्या. मधल्या दाताला तेवढी लांबी लागतच नव्हती. यंत्र उचललेलं असलं की नळी सरळ लोंबायची. मातीत दात स्प्रिंगवर मागं दबला की ती दुमडायची आणि बी वरच अडायचं.

शेषराव खुर्चीतून उठून तासात येऊन उभे राहिले. मातीकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे.

"वहिनी, म्हणजे इतके वर्षं तुमीच...?"

"नळी चार बोटं कापा," ती म्हणाली. "मंग न्या."

हर्षलनं स्वतः कापली. मान वर न करता. पुन्हा ट्रॅक्टर फिरला, पुन्हा ती चालली. नऊही तासांत बी होतं. शेषरावांनी यंत्राऐवजी तिलाच हात जोडले, मग ते यंत्र घेऊन निघाले.

ती पायरीवर बसली. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. पूनमनं सुई आणून दिली. अन्नपूर्णाबाईनं पाय मांडीवर ओढला, पण कंबर वाकेना, टाच डोळ्यांपुढं येईना. हे काम तिनं कधी केलंच नव्हतं. एवढा मोठा कारखानदार मोतीराम, फोन वाजत असला तरी बाजूला ठेवायचा, तिचा पाय गुडघ्यावर घ्यायचा आणि "हालू नको ना वं" म्हणून खेकसायचा.

"दे, मी काढतो," हर्षल समोर उकिडवा बसला.

"राहू दे."

सुई तिनं पूनमच्या हातात दिली, चपला घातल्या आणि टाच न टेकवता आत गेली.