तीन पौंडांचा चाप

छप्पन साली ऑक्टोबरात इंदुमती रोज शाळेतून आली की दोन कागद समोर घेऊन बसायची आणि कशावरच काही न लिहिता उठायची. एक कागद सरकारी होता. नोव्हेंबरच्या एक तारखेला हैदराबाद राज्य मोडणार होतं. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार आणि हैदराबाद शहर आंध्राबरोबर राहणार. मराठी शाळांतल्या शिक्षकांनी औरंगाबादेला बदली घ्यायची की इथंच राहायचं, हे पंचवीस तारखेपर्यंत कळवायचं होतं. दुसरा कागद सिकंदराबादच्या रायफल क्लबचा. अठ्ठावीस तारखेच्या रविवारी निवड सामना होता. त्यातले पहिले चौघे देशपातळीवरच्या स्पर्धेला जाणार होते. त्या कागदावर नाव, वय, रायफल आणि शेवटी 'चाप: मूळचा की बदललेला' असा रकाना होता.

"भरलास का?" तिचे वडील हणमंतराव विचारत. ते हायकोर्टात तीस वर्षं वकिली करून घरी बसलेले.

"कुठला?"

"कुठलाही. एक तरी भर."

ती उठून खिडकीपाशी जायची, तिथून ओट्यापाशी, तिथून परत. अठ्ठावीस वर्षांची, गणित शिकवणारी बाई. वर्गात खडूसुद्धा जागच्या जागी ठेवणारी. घरात मात्र महिनाभर तिचा पाय ठरत नव्हता.

रायफल पॉइंट टू-टूची होती. सत्तेचाळीस साली गोरी पलटण सिकंदराबाद सोडून गेली तेव्हा एका कप्तानाच्या बायकोनं ती हणमंतरावांना विकली होती. लायसन्स त्यांचं, वापरणारी इंदुमती. सहा वर्षं ती दर रविवारी क्लबात पालथी पडून पन्नास मीटरवरच्या निशाण्यावर गोळ्या झाडत होती. नेम चांगला होता. अडायचं ते चापाशी. सहा पौंडांच्या वर जड, शिवाय ओढताना मध्ये खरखरायचा. श्वास धरावा, काळा ठिपका समोर स्थिर व्हावा, आणि चाप सुटायच्या आधी नेमका तिच्या हातानं हिसका द्यावा. गोळी उजवीकडं खाली जायची. दहा गोळ्यांत दोनदा तरी.

क्लबचे सेक्रेटरी मेजर प्रतापराव निजामाच्या रिसाल्यातून निवृत्त झालेले. त्यांनी तिला सरळ सांगितलं, "इंदुताई, या चापावर तुम्ही चौघांत येणार नाही. बदला. नियम एवढाच, की तीन पौंडांचं वजन चापाला टांगून रायफल उचलली तर चाप सुटता कामा नये. तीनच्या वर काहीही चालेल."

आबिड्सला बंदुकांच्या एका दुकानात तिच्या रायफलीला बसणारा परदेशी चाप आलेला होता. दुकानदारानं तो मखमलीच्या डबीतून काढून दाखवला. पॉलिश असं, की त्यात छताचा पंखा दिसत होता.

"तीन पौंडाला दोन औंस वर लावलाय," तो म्हणाला. "ओढ नाही, खरखर नाही. मनात आणलं की सुटतो. बसवून देतो, आठवडाभर वापरून बघा. नाही जमला तर परत आणा."

तिनं बोट लावून पाहिलं. रिकामी रायफल टक् करून वाजली आणि तिला वाटलं, आपण अजून ओढलाच नव्हता. ते तिला आवडलंही, आणि पाठीवरून काहीतरी सरकलंही. तिनं तो बसवून घेतला.

एकोणीस तारखेला, शुक्रवारी, शाळेला सुट्टी होती म्हणून ती क्लबात गेली. सकाळचे नऊ वाजले होते, वारा नव्हता. पहिल्या सात गोळ्या काळ्या ठिपक्याच्या मधोमध गेल्या. शेजारच्या चटईवरचा रेल्वेतला माणूस दुर्बिणीतून बघून म्हणाला, "क्या बात है." आठव्या गोळीला तिनं गाल दस्त्यावर टेकवला, कोपर जरा सरकवलं आणि नेहमीच्या सवयीनं बोट चापावर रेललं. गोळी सुटली. दहा हातांवरची वाळूची गोणी फाटली आणि भुरभुर वाळू सांडायला लागली.

कुणाला काही झालं नाही. समोर माणूस नव्हता, असणार नव्हता. तरी सगळी रांग थांबली. इंदुमती उठून बसली तर तिला बोल्टही मागं ओढता येईना. मेजरांनी येऊन रायफल रिकामी केली.

"तुमचं बोट सहा पौंडांना सरावलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "ते रेलतं. नव्या चापाची सवय लागेल, पण दोन महिने घ्यावे लागतील. तुमच्याकडं नऊ दिवस आहेत."

"मग जुनाच लावू?"

"ते मी सांगणार नाही. आज मात्र पुन्हा गोळी भरू नका."

घरी न जाता ती रिक्षानं तशीच छत्ता बाजारात गेली. तिथं याकूब उस्तादांचं दुकान होतं. निजामाच्या फौजेच्या शस्त्रागारात त्यांनी बावीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या होत्या. पोलीस ॲक्शननंतर फौज मोडली, तेव्हापासून ते शिलाई मशिनं आणि कुलपं दुरुस्त करत. क्लबातले दोनचार लोक अजून रायफली त्यांच्याकडंच आणत.

उस्तादांनी चष्मा पुसला, नवा चाप काढून उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला.

"बहोत अच्छी चीज है," ते म्हणाले. "मेरेकू ऐसी बनाने नै आती. फिर क्या हुआ बोलो."

तिनं वाळूच्या गोणीचं सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर तिच्या हातांवर होती. एवढ्याशा गोष्टीला तिचे हात अजून थंड होते.

"गोणी फटी, बस?" त्यांनी विचारलं. "गोणी के वास्ते कोई इत्ता नै डरता, बेटी."

इंदुमतीनं समोरच्या शिलाई मशिनीचं चाक हातानं दोनतीनदा फिरवलं. मग तिनं जे सांगितलं ते त्याआधी वडिलांनाही सांगितलेलं नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज राज्यात शिरली, तेव्हाचे ते पाच दिवस. ती वीस वर्षांची. हणमंतराव गुलबर्ग्याला अडकलेले, घरात ती आणि म्हातारी आत्या. गल्लीत रझाकारांच्या जीपा फिरून गेलेल्या, दोन घरांची दारं फोडलेली. चौथ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. वडिलांची दुनळी बंदूक घेऊन ती दारामागं उभी राहिली. आत्यानं विचारलं, कोण आहे, पण उत्तर ऐकू आलं नाही. दाराची जुनी कडी बाहेरच्या धक्क्यानं निसटली, दार वीतभर उघडलं आणि तिनं चाप ओढला. पूर्ण ताकदीनं ओढला. चाप हलला नाही. गंजलेला होता की खटका लावलेला होता, ते तिला तेव्हाही कळलं नाही. दारात वडिलांचे मुन्शी गुलाम दस्तगीर उभे होते. काखेत ज्वारीच्या पिठाची पिशवी. त्यांनी बंदूक बघितलीच नाही. ती दाराच्या आड होती. पिशवी ठेवली, "आपाजान, दो दिन बाहर नै निकलना" असं आत्याला सांगितलं आणि गेले.

"पुढच्या साली ते कराचीला गेले," इंदुमती म्हणाली. "दर वर्षी अण्णांना पत्र येतं. शेवटी लिहितात, इंदूबेटीला दुआ."

समोरच्या हॉटेलवाल्याला हात करून उस्तादांनी दोन चहा मागवले. चहा आला, त्यांनी बशीत ओतला, प्याला.

"हम लोग तो उस वखत उधर के थे," ते शेवटी म्हणाले. "मेरे हाथ की बनी हुई बंदुकां किन किन पे चली, मेरेकू मालूम नै. मैं भी हिसाब नै लगा सकता." त्यांनी बशी खाली ठेवली. "चाप का बोलो. तुमकू क्या होना?"

त्यावर तिनं महिनाभर विचार केला होता. हलका, गुळगुळीत, लवकर सुटणारा. आता तोंडून वेगळंच आलं. "मला मध्ये थांबता आलं पाहिजे. ओढायला लागले आणि नको वाटलं, तर परत येता आलं पाहिजे."

"हौ," उस्ताद म्हणाले. "वो बनता."

त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली. जुनाच चाप पुन्हा बसवायचा. पहिली ओढ सैल, दोन पौंडांची. बोट आरामात मागं येईल आणि एका जागी अडेल, ती अडी. तिथं कितीही वेळ थांबा, सोडा, पुन्हा घ्या. त्या अडीच्या पुढं वरून सव्वा पौंड दाब दिला की सुटेल, खरखर न करता. एकूण सव्वातीन. त्यासाठी आतले दोन दाते दगडावर घासायचे, एक स्प्रिंग नवी वळवायची. चार दिवस लागतील. आबिड्सच्या चापाइतका तो जलद कधीच होणार नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

नवा चाप तिनं परत केला. दुकानदार जरा खट्टू झाला. "तिकडचे सगळे खेळाडू हाच वापरतात," तो म्हणाला. घरी येईपर्यंत तिला वाटत होतं की आपण चूक केली, आणि पोचल्यावर वाटलं की आपण फार मोठी चूक केली.

चोवीस तारखेला रायफल हातात आली. बोट मागं आलं, अडलं. ती थांबली. उस्ताद समोर एका कुलपात तेल सोडत होते, मान वर न करता. ती परत सैल सोडून आली, पुन्हा अडीपर्यंत गेली. असं सातआठ वेळा झाल्यावर ते म्हणाले, "अब चला के भी देखो."

त्याच दिवशी संध्याकाळी तिनं क्लबच्या कागदावर 'मूळचा, दुरुस्त केलेला' असं लिहिलं. सरकारी कागद हणमंतरावांनी तिच्यापुढं सरकवला.

"माझ्यासाठी थांबू नकोस," ते म्हणाले. "औरंगाबादेत मला चार ओळखीचे वकील आहेत. पत्ते खेळायला तेवढे पुरतात."

"तुम्हाला जायचंय?"

"मला? मला उर्दू येतं, मराठी येतं, तेलुगू भांडण्यापुरतं येतं. मी कुठंही बसेन. तुझं सांग."

"मला इथंच राहायचंय," ती म्हणाली, आणि स्वतःच जरा दचकली. महिनाभर ती औरंगाबादेच्या बाजूनं कारणं गोळा करत होती. मराठी शाळा इथं किती दिवस चालेल, तेलुगू शिकावं लागेल, बढती मिळेल का. ती सगळी कारणं खरी होती. तिनं 'हैदराबाद' लिहिलं, सही केली आणि लगेच पोस्टात टाकायला निघाली, कारण कागद घरात राहिला असता तर तिनं खोडला असता.

रविवारी सामन्याआधी मेजरांनी एकेक रायफल उभी धरून चापाला पितळी वजन टांगलं. तिची रायफल वर गेली, वजन वर गेलं, चाप गप्प राहिला. "पास," ते म्हणाले आणि दुसऱ्याकडं वळले.

चाळीस गोळ्या, चाळीस मिनिटं. पहिल्या दहात तिचे अठ्ठ्याण्णव झाले. तेराव्या गोळीला बोट अडीपाशी गेलं आणि ठिपका हलला; ती परत आली. सतराव्या गोळीला दोनदा परत आली. शेजारचा रेल्वेवाला झपाझप उरकत होता. त्याच्या रायफलीचा प्रत्येक आवाज तिला घाई करत होता. सव्विसाव्याला वारा सुटला, निशाणाजवळची झेंडी फडफडायला लागली. ती अडीपर्यंत गेली आणि थांबली, सोडलं, श्वास घेतला, पुन्हा गेली, पुन्हा सोडलं. पाच वेळा. मागून कोणीतरी खाकरलं. सहाव्या वेळी वारा पडला आणि गोळी गेली, दहा.

या सगळ्यात वेळ खर्च झाला. मेजरांनी "तीन मिनिटं" असं पुकारलं तेव्हा तिच्या पाच गोळ्या उरल्या होत्या. आता थांबायला सवड नव्हती. ती ओढत गेली: नऊ, दहा, नऊ. एकोणचाळिसाव्याला जुना हिसका आला आणि गोळी उजवीकडं खाली, सातावर. शेवटची दहा.

तीनशे शहाऐंशी. ती तिसरी आली. रेल्वेवाला पाचवा. त्यानं येऊन हात मिळवला आणि म्हणाला, "बीच में आप सो गई थीं क्या?" ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा तिला भूक लागली होती.

चौघांची नावं फळ्यावर लागली: हैदराबाद राज्य संघ. गुरुवारी ते राज्य राहिलं नाही. नंतरच्या रविवारी ती क्लबात गेली तेव्हा फळा पुसलेला होता. मेजर टेबलाशी बसून नवा कागद वाचत होते.

"संघ आता आंध्र प्रदेशाचा," ते म्हणाले. "जुनी निवड धरत नाहीत. डिसेंबरात पुन्हा सामना. बेझवाडा, गुंटूरकडून लोक येतील. तुमच्या चौघांतले दोघं पुण्याला, औरंगाबादेला चाललेत. तुम्ही?"

"मी इथंच आहे."

"मग पुन्हा पडा पालथ्या." त्यांनी कागद तिच्याकडं फिरवला. "तक्रार करायची तर माझ्याकडं नका करू. माझीही पेन्शन कोण देणार ते मला अजून कळलेलं नाही."

तिला राग आला. फळ्याचा आला, टेबलाचा आला, गुंटूरच्या कधी न बघितलेल्या माणसांचा आला. ती दारापर्यंत गेली, तिथून परत आली. मग खुर्ची ओढून बसली आणि कोऱ्या यादीत सगळ्यांत वर आपलं नाव लिहिलं. चापाच्या रकान्यापाशी तिनं मेजरांना विचारलं, "वेळ तेवढाच असणार ना? चाळीस मिनिटं?"

"तेवढाच."

"मग मला घड्याळ लावून सराव करावा लागेल," ती म्हणाली, आणि काडतुसांची पेटी उचलून चटईकडं गेली.