नाव न घेता मागितलेली प्रार्थना

अस्मिता हाकेला वळत नाही, हे सगळ्यात आधी राजसीच्या लक्षात आलं. निदान तिला तरी तसं वाटलं.

तिचं लक्षच तसं होतं. चिनू झाल्यापासून तिला जिथे तिथे काहीतरी दिसायचं. बाल्कनीच्या गजांमधलं अंतर, शेजारच्या मुलाचा खोकला, दुधाच्या पिशवीवरची तारीख. नवरा, महेंद्र, म्हणायचा, "तू बी.एस्सी. झालीस हे बरं झालं की वाईट, मला अजून कळलेलं नाही. साधा डास बसला तरी तुला त्याच्या पोटातलं दिसतं."

बदलापूर पूर्वेच्या त्या नव्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या चर्चच्या मंडळीतली दोनच घरं होती. राजसीचं दुसऱ्या मजल्यावर आणि उमाचं बरोबर त्याच्या खाली. रविवारी दोघी एकाच रिक्षाने अंबरनाथला उपासनेला जायच्या, मांडीवर एकेक लेक घेऊन. मुली एकाच वर्षातल्या. चिनू तिसऱ्या वर्षी अखंड बडबडत होती. अस्मिता मात्र हाताने दाखवायची, आणि तिचे डोळे इतके बोलके की कुणाला काही उणं वाटायचंच नाही.

एका दुपारी उमाच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. चिनू दचकून आईला बिलगली. अस्मिता पाठमोरी बसून कपड्यांचे चिमटे एका रांगेत लावत होती, ती तशीच लावत राहिली. राजसीने उमाकडे बघितलं. उमा आधीच तिच्याकडे बघत होती.

"मला वाटलं माझंच डोकं फिरलंय," उमा हळूच म्हणाली.

दोघी मिळून ठाण्याला गेल्या. उमाचा नवरा, देवदत्त, एमआयडीसीत शिफ्टला होता आणि त्याला सुट्टी मिळेना. डॉक्टरांनी अस्मिताला झोपेचं औषध पाजलं, डोक्याला वायरी लावल्या, आणि रिपोर्टला यायला सांगितलं. परतताना झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन उमा म्हणाली, "राजसी, मी सांगेपर्यंत कुणाला बोलू नकोस. आमच्या सासूबाईंना तर नाहीच नाही. त्या वांगणीला बसून मलाच धरतील."

"वेडी आहेस का? मी कशाला बोलू?" राजसी म्हणाली, आणि तिने ते अगदी मनापासून म्हटलं.

मंडळीतल्या बायकांची प्रार्थनेची साखळी होती. बुधवारी दुपारी मोतीबाई शीलाला फोन करायच्या, शीला राजसीला, राजसी मंडळीतल्या पुढच्या बहिणीला. ज्याच्या घरी जे दुखणं, जी अडचण, ती फोनवरून पुढे जायची आणि त्या रात्री सगळ्या घरांतून तिच्यासाठी प्रार्थना व्हायची. मोतीबाई ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेल्या विधवा बाई. बायकांच्या मंडळाच्या त्या पुढारी. राजसीबद्दल त्या चारचौघांत म्हणायच्या, "एवढी तरुण पोर, पण लेकरांसाठी तिच्या मनावर केवढं ओझं आहे बघा." हे ऐकून राजसी खाली बघायची. खाली बघतानाही ते तिला ऐकावंसं वाटायचं.

रिपोर्ट यायचा होता आणि राजसीला भाजीत मीठ घातलं की नाही हेसुद्धा आठवत नव्हतं. शीलाचा फोन आला.

"तुझा काही विषय?"

"आपल्या मंडळीतलं एक लेकरू आहे, शीलाताई. त्याला ऐकू यावं म्हणून."

"अगं बाई! कुणाचं ग?"

"नाव नको."

"बरं. देवाला तर माहीतच आहे." मग शीलाने विचारलं, "तपासणी झाली का?"

"ठाण्याला झाली. रिपोर्ट यायचाय."

फोन ठेवल्यावर राजसीला खरंच हलकं वाटलं. त्या रात्री तिने गुडघे टेकून अस्मितासाठी रडून प्रार्थना केली. आपण नाव घेतलं नाही, म्हणजे शब्द पाळला, असं ती धरून चालली होती.

रविवारी उपासना सुटल्यावर आवारात चहा होता. राजसी कपबशा विसळायला नळावर गेली होती. तिथून तिला टाळ्या ऐकू आल्या. आधी एक, मग दोन, मग खूप. ती वळली.

अस्मिता पिंपळाखाली उकिडवी बसून खडे वेचत होती. शीला तिच्या मागे वाकून टाळी वाजवत होती. पोर वळली नाही. मग दुसरी बहीण पुढे झाली, तिने जोरात वाजवली. तेवढ्यात संडे स्कूलच्या मुलांना तो खेळच वाटला. सगळी तिच्या पाठीमागे गोळा झाली, टाळ्या पिटू लागली, कुणी "ए! ए!" ओरडू लागलं. चिनूही त्यांच्यात होती. मग अस्मिताला मागे सावल्या हलताना दिसल्या असाव्यात. तिने मान वळवली, एवढे हात बघितले, आणि तिला वाटलं आपलं कौतुक चाललंय. तीही हसून टाळ्या वाजवू लागली.

"काय चाललंय हे?" उमाच्या सासूबाई, जनाबाई, चहाचा कप हातात घेऊन पुढे आल्या. त्या खास नातीला भेटायला वांगणीहून आल्या होत्या.

"अहो मावशी, तुमच्या नातीसाठी तर सगळी मंडळी प्रार्थना करतेय," शीला म्हणाली. "ऐकू येतंय का, तेवढं बघत होतो."

जनाबाईंनी कप तिथेच कठड्यावर ठेवला. उमा दारातून धावत येत होती. सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं, "पोटुशी होतीस तेव्हा काय खाल्लंस? कसल्या गोळ्या घेतल्यास?"

मोतीबाईंनी उमाच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या आवाजात माया होती, आणि म्हणून ते आणखीनच वाईट होतं. "बाई, घरात काही कबूल करायचं राहिलं असेल तर आज देवापुढे करून टाक."

उमाने अस्मिताला उचललं. पोरीच्या मुठीत अजून खडे होते. उमाची नजर नळापाशी उभ्या राजसीवर जाऊन थांबली. त्या नजरेत राग असता तरी राजसीला चाललं असतं. पण उमा तिच्याकडे अशी बघत होती, जशी आपण चुकून दुसऱ्याच्याच दारात येऊन उभे राहिल्यावर पाटीकडे बघतो.

त्या दिवशी उमा अस्मिताला घेऊन एकटीच रिक्षाने गेली.

दुसऱ्या दिवशी राजसीने खालची बेल वाजवली. उमाने दार अर्धंच उघडलं.

"मी नाव घेतलं नव्हतं, उमा."

"मंडळीत तीन वर्षांची, न बोलणारी लेकरं किती आहेत?"

"मी प्रार्थनेसाठीच..."

"माहीत आहे मला. म्हणून तर कुणाशी भांडताही येत नाही." उमाने दाराची कडी घट्ट धरली होती. "चुगली केली असतीस तर शिव्या तरी दिल्या असत्या."

"मी येत्या रविवारी उभी राहते. सगळ्यांसमोर माफी मागते. माझंच चुकलं म्हणून सांगते."

"म्हणजे पुन्हा माझ्या पोरीचं नाव?" उमा हसली, पण ते हसणं बघवेना. "तू रडशील, बायका तुला जवळ घेतील. राजसी किती नम्र, म्हणतील. मोकळी होऊन घरी येशील. आणि आम्ही? नको मला तुझी साक्ष."

"मग मी काय करू?"

"मला कुणी काही विचारू नये, एवढं कर. तुला जमत असेल तर." मग तिने दार लावलं.

राजसीने कधी न केलेली गोष्ट केली. साखळीतून शब्द जसा गेला होता, तशी ती एकेका घरी गेली. फोनवर नाही, स्वतः, चिनूला कडेवर घेऊन.

मोतीबाई मेथी निवडत होत्या. "प्रार्थनेने कधी कुणाचं वाईट झालंय का?" त्यांनी विचारलं.

राजसीच्या तोंडावर उत्तरं होती, चांगली मुद्देसूद. ती तिने गिळली. "माझं चुकलं, मावशी. तिने विश्वासाने सांगितलं होतं. यापुढे तिला कुणी काही विचारू नका, एवढंच सांगायला आले."

"आम्हाला शिकवायला आलीस होय?"

"नाही. विनंती करायला आले."

शीलाला मात्र फार लागलं. "पेपरात छापून झाल्यावर सांगतेस, छापू नका म्हणून? आणि आम्ही काय चुगलखोर आहोत?"

"नाही शीलाताई. चुगली मी केली. तुम्ही प्रार्थनाच केलीत."

शीलाने पाणी दिलं, पण बसायला सांगितलं नाही. राजसी जिना उतरू लागली, आणि खालच्या पायरीवर आपण हे किती नम्रपणे केलं असा एक विचार तिच्या मनात डोकावलाच. तो पाहून तिला स्वतःचीच किळस आली. हे कुणी बघतंय का, हे बघायची सवय तिला कुठून लागली होती कोण जाणे.

सगळ्यात शेवटी महेंद्रने तिला बाइकवरून वांगणीला नेलं. जनाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. राजसी काय म्हणाली ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सुनेने मला का सांगितलं नाही, याचा मला राग होता," त्या म्हणाल्या. "का नाही सांगितलं, ते घरी आल्यावर कळलं. मी तरी पहिल्यांदा काय केलं? एवढ्या माणसांत तिलाच धरलं." एक मिरची त्यांनी उगाच उलटीपालटी केली. "तू माझ्याकडे माफी मागायला आलीस बाई. मी कुणाकडे जाऊ? फोन केला तर देवदत्त उचलतो आणि म्हणतो, ती कामात आहे."

राजसी त्यांच्याबरोबर बसून मिरच्या पसरू लागली. हात धुतल्यावरही घरी येईपर्यंत बोटं चुरचुरत होती.

त्यानंतर उमाला कुणी काही विचारलं नाही. पण उमा त्या मंडळीत परत आली नाही. जिन्यात भेटली तर बाजूला होऊन वाट द्यायची. राजसी चिनूला शिकवत होती. "अस्मिताच्या मागून ओरडायचं नाही. समोर जायचं, मग बोलायचं." पहाटे पाणी यायचं. उमाला लवकर ठाण्याला जावं लागायचं त्या दिवशी राजसी तिच्या दाराबाहेरचं पिंप भरून ठेवायची. उमाने कधी पिंप भर म्हणून सांगितलं नाही, आणि भरलेलं पाणी कधी ओतूनही दिलं नाही. दोघींमध्ये तेवढंच चालू होतं.

बुधवारी फोन यायचा. राजसी दुसऱ्यांचे विषय पुढे सांगायची, आपला एकही देत नसे.

"हल्ली तुझ्याकडे विषयच नसतात," मोतीबाई एका रविवारी म्हणाल्या. "भक्ती थंड पडली वाटतं."

"असेल, मावशी," राजसी म्हणाली. पूर्वी एवढ्यावर ती रात्रभर जागली असती.

रोज रात्री चिनू झोपली की ती अस्मितासाठी देवाकडे मागायची. रिपोर्ट तिला माहीत नव्हता, म्हणून काय मागावं तेही नीट कळायचं नाही. कधी नुसतीच बसायची.

नाताळाच्या आधी एका सकाळी खाली टेम्पो लागला. राजसीने बाल्कनीतून बघितलं. देवदत्त आणि एक हमाल उमाचं कपाट उतरवत होते. ती चिनूला घेऊन खाली गेली.

जिन्याच्या पायरीवर अस्मिता बसली होती. तिचे केस दोन बाजूंना उंच बांधले होते, आणि दोन्ही कानांमागे गुलाबी रंगाची छोटी मशिनं दिसत होती. झाकायला केस मोकळे ठेवता आले असते. उमाने मुद्दाम वर बांधले होते.

चिनू तिच्या समोर जाऊन बसली, शिकवल्यासारखी. "हे काय आहे?"

दारात उमा उभी होती. अस्मिताने चिनूचं बोट धरलं, मशिनवर ठेवलं, आणि तोंड उघडून मोठ्याने म्हणाली, "आ!" दोघी खिदळल्या.

"रिपोर्ट काय आला, ते तू विचारलंच नाहीस," उमा म्हणाली. एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती.

"नाही."

"विचारावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटलं."

उमाने तिच्याकडे बघितलं. मग तिने दाराशी आणून ठेवलेली शेगडी उचलली. "हे एका बाजूने धर जरा. जड आहे."

दोघींनी शेगडी उतरवली, मग भांड्यांची पोती, मग तेच पिंप. देवदत्त म्हणाला, "राहू द्या वहिनी," पण उमाने त्याला गप्प केलं. उमाच्या कपाळावर घाम होता आणि तिने तो राजसीच्या समोरच पदराने पुसला, पूर्वी पुसायची तसा.

टेम्पोत पुढे बसल्यावर उमाने अस्मिताला मांडीवर घेतलं. ड्रायव्हर अजून मागची दोरी आवळत होता. उमाने खिडकीवर हात टेकला आणि ती राजसीकडे बघत राहिली.

राजसीच्या ओठांवर एकच प्रश्न होता, कुठे चाललीस. पत्ता दे, निदान गावाचं नाव तरी सांग. इतके महिने तिने स्वतःला शिकवलं होतं की विचारायचं नाही, उमाचं ते उमाचं. ती हसली, मान हलवली, आणि चिनूचा हात धरून उभी राहिली.

उमा आणखी जरा वेळ थांबली. मग म्हणाली, "बरं, चल." टेम्पो निघाला.

कोपऱ्यावरून तो दिसेनासा झाल्यावर राजसीच्या लक्षात आलं, की दोरी कधीच आवळून झाली होती. ड्रायव्हर स्टिअरिंगवर येऊन बसला होता, तरी उमाने त्याला एवढा वेळ निघायला सांगितलं नव्हतं.