"गाडी चालवता का?"

मेडिकलच्या काउंटरशी शेखर पुन्हा खोकला, तशी मागच्या बाईने पदर नाकाला लावला. दुकानातल्या अंजलीने दोन बाटल्या पुढ्यात ठेवल्या. एकीने खोकला लगेच दबेल पण गुंगी येईल. दुसरीने गुंगी नाही, मात्र आराम पडायला वेळ लागेल, असं तिने नीट समजावलं आणि पुन्हा विचारलं,

"गाडी चालवता का?"

"नाही," शेखर म्हणाला. "ऑफिसात बसून काम असतं."

आणि त्याने पहिली बाटली उचलली.

तो कंपनीची बस चालवायचा. सकाळच्या शिफ्टच्या कामगारांना नाशिकरोडहून सातपूरला न्यायचा. मागे एकदा द्वारका चौकात खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं आणि ब्रेक असा लागला की उभी माणसं एकमेकांवर कोसळली. पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघू, असं सुपरवायझरने बजावलं होतं. तेव्हापासून त्याला चैन नव्हती. बायको, उज्वला, दवाखान्यात चला म्हणून मागे लागली होती. हा सुट्टीवर ढकलत होता.

सकाळी तो औषध घेऊनच निघाला. खोकला खरंच थांबला. द्वारका सुखरूप गेली. मग मागून हॉर्न कोकलला आणि त्याने दचकून पाहिलं. आयटीआयचा सिग्नल हिरवा होता, बस उभी होती, आणि मधला मुंबई नाका कधी गेला ते त्याला आठवेना.

सातपूर आता जवळच होतं. त्याने सिग्नल ओलांडला, काच सरकवली, मांडीला चिमटा काढला. पापण्या पुन्हा मिटायला लागल्या. त्याने बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं रे?" पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या सहादू फिटरने विचारलं.

"खोकल्याचं औषध घेतलंय, काका. डोळा लागतोय. मी पुढे नाही नेणार."

मागे कुरकुर सुरू झाली. कुणी शिव्या घातल्या, कुणी उतरून रिक्षा शोधू लागले. शेखरने स्वतःच सुपरवायझरला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

दुसरा ड्रायव्हर आला. त्याने किल्ली घेतली, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या बेताने फिरवला. शेखर सहादूशेजारी जाऊन बसला. बस निघाली. रस्त्यात कुणी आडवं आलं की शेखरचा उजवा पाय रिकाम्या पत्र्यावर दाबला जात होता.